खाट आणि कोयता यांच्यामधील वाट : कर्करोगाच्या उपचारांनंतरचा व्यायाम

(वार्षिक मेळाव्यात पाथर्डी येथे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कर्करोगाविषयी आपण बोलतो ते बहुधा निदानाविषयी आणि उपचारांविषयी. शस्त्रक्रिया होते, किमोथेरपीचे डोस संपतात, किरणोपचार म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात तेही पूर्ण होतात. ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या’ असे डॉक्टर सांगतात आणि रुग्ण घरी परततो. त्यानंतर त्याने कसे जगावे, याविषयी मात्र त्याच्या हाती फारसे काही दिलेले नसते. आज आम्ही या नंतरच्या काळाविषयी बोलणार आहोत.

आपल्या तालुक्यात घरी परतलेल्या रुग्णापुढे दोन टोके असतात. एक टोक खाटेचे. घरची माणसे प्रेमापोटी म्हणतात, ‘तू काही करू नकोस, नुसती पडून राहा.’ दुसरे टोक कोयत्याचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बायको मागे राहिली तर कोयता अर्धाच, आणि उचल मात्र पूर्ण फेडायची. म्हणून सहा महिने खाटेवर असलेली बाई सातव्या महिन्यात एकदम फडात उभी राहते. ही दोन्ही टोके शरीराला घातक आहेत. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे मोजूनमापून, हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम, हेच आमचे आजचे सांगणे.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?’ प्रश्न रास्त आहे. परंतु कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टाचे माप काम ठरवते. व्यायामाचे माप शरीर ठरवते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी स्त्री आज दमली म्हणून मोळी हलकी करू शकत नाही. व्यायामात मात्र आज अर्धा शेर, पुढच्या पंधरवड्यात पाऊण शेर, आणि दुखले तर पुन्हा अर्धा शेर, असे करता येते.

या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती असते. म्हणून पूर्वी अशा स्त्रियांना ‘त्या हाताने काहीही उचलू नका’ असे आयुष्यभरासाठी बजावले जाई. 1996 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या उपचारांतून गेलेल्या स्त्रियांचा एक चमू तयार करून त्यांना लांब नौका वल्हवण्यास शिकवले. भीती होती तशी सूज वाढली नाही. पुढे 2009 साली अमेरिकेत डॉ. कॅथरिन श्मिट्झ व सहकाऱ्यांनी हाताला सूज असलेल्या 141 स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून ज्यांनी वजन उचलले, त्यांची सूज वाढली नाही. उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. यावरून बोध असा की, वजन हा हाताचा शत्रू नाही. सवय नसताना अचानक उचललेले वजन हा शत्रू आहे. पाण्याने भरलेला हंडा आणि उसाची मोळी यांना हेच लागू आहे.

2025 साली याहून मोठी गोष्ट पुढे आली. प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलियातील केंद्रांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया व किमोथेरपी पूर्ण झाल्यावर निम्म्या रुग्णांना आरोग्यविषयक माहितीपुस्तिका देण्यात आल्या. उरलेल्या निम्म्यांना पुस्तिकांबरोबर तीन वर्षे मार्गदर्शक मिळाला. त्याच्या साथीने त्यांनी भरभर चालण्यासारखा व्यायाम नेमाने वाढवला. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातील 83.2 टक्के, तर दुसऱ्या गटातील 90.3 टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे दर शंभरांमागे सात माणसे अधिक. हा अभ्यास एकाच प्रकारच्या कर्करोगाचा, आणि व्यायाम झेपेल अशा निवडक रुग्णांचा होता. तो सर्वांना सरसकट लावता येणार नाही. व्यायाम हा औषधाला पर्यायही नव्हे. पण पुस्तिका दोन्ही गटांना होती आणि फरक पडला तो सोबतीच्या माणसाने, हे देणगीदारांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही स्तनाच्या कर्करोगाच्या 850 स्त्रियांवर योगाभ्यासाची चाचणी झाली आणि डॉ. नीता नायर यांनी तिचे निष्कर्ष डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत मांडले. त्यातील योगक्रम मुद्दाम सौम्य ठेवला होता : सोपी आसने, मध्ये मध्ये विश्रांती आणि प्राणायाम. योगतज्ज्ञ, डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून तो आखला होता. लुगडे नेसून, घरातल्या सतरंजीवर करता येईल असा व्यायाम आपल्या परंपरेतच आहे.

आता नातेवाइकांसाठी काही व्यवहाराचे. उपचारांनंतरचा थकवा झोपेने जात नाही; तो थोड्या थोड्या चालण्याने कमी होतो. सुरुवातीला अंगणात पाच मिनिटे, मग वेशीपर्यंत, मग मळ्यापर्यंत. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालणे आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे हलके व्यायाम, एवढे सर्वसाधारण उद्दिष्ट तज्ज्ञांनी सांगितले आहे. तेथे पोहोचायला तीन महिने लागले तरी चालतील. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर भिंतीवर बोटे चढवीत हात वर नेण्याचा व्यायाम, डॉक्टरांनी परवानगी देताच सुरू करावा. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व शेक यांनंतर जबडा आखडतो, घास जाईनासा होतो. मानेतील गाठी काढल्या असतील तर खांदाही उतरतो. तेथे जबडा उघडण्याचे आणि खांद्याचे व्यायाम रोज, न चुकता हवेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. आपल्या स्त्रिया संकोचाने त्याविषयी विचारत नाहीत. ते एखाद्या भगिनीनेच समजावून द्यावेत.

काही वेळा मात्र थांबावे. ताप, छातीत दुखणे, चक्कर, नव्याने उद्भवलेले हाडाचे दुखणे किंवा हातापायाला अचानक आलेली सूज दिसली, तर व्यायाम बंद करून आधी डॉक्टरांना दाखवावे. रोग हाडात पसरलेला असेल किंवा रक्त फार कमी असेल, तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. किमोथेरपीने तळपाय बधिर झाले असतील, तर शेतात अनवाणी चालू नये. काटा रुतलेला कळतसुद्धा नाही. सुजेची भीती असलेल्या हाताला पाचटाने चिरा पडू देऊ नयेत. त्या चिरेतून जंतू शिरले की सूज बळावते.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, उपचार संपले त्याच दिवशी पुढचा हंगाम किती महिने दूर आहे, ते मोजावे. ते महिने खाटेवर घालवू नयेत आणि उचल घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिला मोळी वाहणे झेपणार नसेल, तर हे मुकादमाला आधीच सांगावे, वाढ्यांचे किंवा स्वयंपाकाचे हलके काम मागावे, नाहीतर ते वर्ष तिला गावीच राहू द्यावे. हे बोलणे सोपे आणि घरात अमलात आणणे किती कठीण, याची आम्हांला जाणीव आहे. पण त्या एका हंगामाच्या मजुरीपेक्षा तिचा हात आणि तिचे आयुष्य मोलाचे आहे.

देणगीदारांकडे आम्ही महागडी यंत्रे मागत नाही. एक हवेशीर खोली, आठवड्यातून दोन दिवस येणारा फिजिओथेरपिस्ट, गावोगावी जाऊन चौकशी करणारी एक प्रशिक्षित भगिनी आणि दूरच्या वस्तीवरून येणाऱ्या रुग्णाचे एस.टी.चे भाडे, एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. उपचारांसाठी दिलेले दान प्राण वाचवते. हे दान त्या वाचलेल्या प्राणाला चालते-फिरते करील, घास खाऊ देईल, नातवंडाला कडेवर घेऊ देईल.

आपल्याकडे नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर पायी जाण्याची प्रथा आहे. उपचार संपवून घरी आलेल्या प्रत्येकाने असे एखादे आपल्या मनाजोगते ठिकाण ठरवावे आणि आजपासून त्या दिशेने रोज थोडी पावले टाकावीत. सोबतीला घरातले कोणी तरी असावे, एवढेच मागणे आहे.