‘तुला काय अनुभव आहे?’

(वसतिगृहातील मुलींच्या इंग्रजी वर्गाविषयी उपासनेनंतर केलेले भाषण)



वसतिगृहातल्या मुलींना मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. जव्हार-मोखाड्याकडच्या मुली, बहुतेक वारली, काही कोकणा. बारावीनंतर कुठे मुलाखतीला गेल्या की अनुभवाचा प्रश्न येतो आणि यांचे उत्तर ठरलेले: ‘नो, मॅडम.’ दहाव्या वर्षापासून धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलीने मुलांचा अनुभव नाही म्हणावे, हे मला पटत नाही.

म्हणून यंदा मी प्रेझेंट परफेक्टपासून सुरुवात केली. आधी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, पुढे क्रियापदाचे तिसरे रूप. ‘आय हॅव प्लांटेड राइस.’ कधी लावला, ते इथे सांगायचे नसते. केलेले काम आज माझ्या गाठीशी आहे, एवढेच सांगायचे. आपण ‘मी भात लावला आहे’ म्हणतो, तसेच. फरक आहे तो वेळेचा, आणि तोच मुलींना नडतो. मराठीत ‘मी गेल्या वर्षी भट्टीवर काम केले आहे’ चालते. इंग्रजीत ‘लास्ट इयर’ आले की ‘हॅव’ गेले. तिथे ‘आय वर्क्ड’च हवे. म्हणून मुलाखतीत आधी ‘हॅव’ने अनुभव सांगायचा आणि ‘कधी?’ असे विचारले की साध्या भूतकाळात यायचे.

(पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनातली तिन्ही मुख्य क्रियापदे ग्रीकमध्ये अशाच पूर्णकाळात आहेत. डिप्लोम्याला असताना ते रूप पाठ करून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून मुलींची मला दया येते.)

मग ‘हॅव यू एव्हर’चे प्रश्न. ‘हॅव यू एव्हर टेकन अ पेशंट टू हॉस्पिटल?’ सात हात वर. एकीने आजीला नेले होते. डॉक्टरांचे मराठी आजीला वारलीत आणि आजीचे दुखणे डॉक्टरांना मराठीत तिनेच सांगितले होते. ही दुभाष्याची कामगिरी तिने कुठेच सांगितली नव्हती. आता वहीत वाक्य आहे: ‘आय हॅव हेल्प्ड अ पेशंट टॉक टू अ डॉक्टर.’

‘बीन’ आणि ‘गॉन’ला मात्र आम्ही अडकलो. ‘हॅज बीन टू भिवंडी’ म्हणजे जाऊन आला. ‘हॅज गॉन टू भिवंडी’ म्हणजे गेला आहे, अजून परतला नाही. दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे उदाहरणे शोधावी लागली नाहीत. एका मुलीने ‘माय पेरेंट्स हॅव बीन टू भिवंडी’ लिहिले, थांबली, ‘बीन’ खोडून ‘गॉन’ केले. मग विचारले, “ताई, आवणीला आले की परत ‘बीन’ लिहायचं ना?”

“हो,” म्हटले. तिने पेन्सिलनेच लिहून ठेवले आहे.

आपल्यापैकी कोणी भेटीला आलात, तर कृपया ‘व्हॉट इज युवर नेम’ विचारू नका. ते त्यांना पाचवीपासून येते. ‘हॅव यू एव्हर’ने सुरू होणारा एखादा प्रश्न घेऊन या आणि उत्तराला थोडा वेळ द्या. बुधवार आणि शुक्रवार, सायंकाळी सहाला वर्ग असतो.