टोळी का निघून गेली?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘व्यवसायात माणसं कशी सांभाळावीत’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, ते मी पाहिलं. त्यांचं हसणं रास्त आहे. आठवीत बाईंनी मला मॉनिटर केलं आणि पंधरा दिवसांत काढूनही टाकलं, हे त्यांना आठवत असणार. बडबड करणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहायचो. एका दिवशी बाईंनी वर्गात येऊन फळा पुसला आणि मला म्हणाल्या, “तू नावं लिहितोस म्हणून सगळी पोरं तुझ्याकडे बघत बसतात. मग पुस्तकाकडे कोण बघणार?”

तेव्हा मला राग आला होता. बाईंचं म्हणणं पुरतं कळायला पुढे पंचवीस वर्षं जावी लागली आणि त्यासाठी मी चांगलीच फी भरली. ती गोष्ट आज सांगतो.

डिप्लोमा झाल्यावर मी सातपूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सुपरवायझर होतो. वडील आजारी पडल्यावर नोकरी सोडली आणि दिंडोरी तालुक्यातली आमची सहा एकर द्राक्षबाग हातात घेतली. पुढे एक लहानसं पॅकहाऊसही सुरू केलं. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला, काही परदेशात असतात, म्हणून द्राक्षाचं काम थोडं समजावून सांगतो. वर्षात दोनदा छाटणी असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यानंतर फेलकाढणी, विरळणी, डिपिंग, शेवटी काढणी आणि पॅकिंग. प्रत्येक काम ठरलेल्या दिवसांत झालं पाहिजे आणि प्रत्येक काम हाताचं. ही कामं करायला पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातून टोळ्या येतात. नवरा-बायको, भाऊ-भावजय अशी माणसं मुकादमाबरोबर येतात आणि हंगामभर बागेजवळ राहतात. काही कामं रोजाने, काही एकराच्या हिशेबाने उक्ती.

२०१० साल बागाईतदारांना चांगलं आठवत असेल. शेंड्याची वाढ रोखायला वापरतात त्या क्लोरमेक्वाटचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे, अंश आपल्या द्राक्षांत सापडले आणि युरोपात माल अडकला. नाशिक जिल्ह्यात कित्येक घरांचं गणित त्या वर्षी कोसळलं. माझंही कोसळलं. डोक्यावर सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज होतं. त्या भीतीत मी ठरवलं, की पुढच्या हंगामात बागेत कारखान्याची शिस्त आणायची. हातात रजिस्टर घेऊन मी ओळी-ओळींतून फिरू लागलो.

डिसेंबर उजाडला. विरळणी सुरू झाली. विरळणी म्हणजे घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढायचे. घडावर साधारण शंभर मणी ठेवले तर प्रत्येकाला जागा मिळते, मणी फुगतो, अठरा मिलिमीटरपर्यंत जातो. दोनशे ठेवले तर ते एकमेकांना दाबतात, बारीक राहतात, आतले सडतात. हे काम मणी हरभऱ्याएवढा होण्याच्या आत उरकावं लागतं. काम लवकर व्हावं म्हणून मी ते उक्तं दिलं होतं. टोळीत एकोणीस माणसं होती.

तिसऱ्या दिवशी चार ओळी मला बिघडलेल्या दिसल्या. घड गच्च होते, मणी कमी केलेलेच नव्हते. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की सगळ्यांची एका दिवसाची मजुरी कापणार. मुकादम मामा शांतपणे म्हणाले, “भाऊ, कोणाच्या ओळी त्या सांगा. आम्ही परत करून देतो.” मी म्हणालो, “कोणाच्या ते शोधायला मला वेळ नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची किटली घेऊन गेलो तर खोल्या रिकाम्या. चुलीत राख आणि दोरीवर विसरलेलं एक टॉवेल. टोळी रात्रीतून दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या बागेत गेली होती.

दिंडोरी नाक्यावर जाऊन मिळतील ती माणसं आणली. त्यांतल्या निम्म्यांनी कात्री कधी हातात धरली नव्हती. दोन एकरांतला माल निर्यातीला बसलाच नाही. काही स्थानिक बाजारात गेला, उरलेला बेदाण्याला. एका दिवसाची मजुरी वाचवायला गेलो आणि वर्षाचा नफा घालवला.

हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, मी पेठ तालुक्यात त्यांच्या पाड्यावर गेलो. कापलेले पैसे बरोबर नेले होते. खरं सांगतो, माफी मागायला कमी आणि पुढच्या वर्षी टोळी मिळावी म्हणून जास्त. मुकादम मामांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. पैसे मोजून घेतले. मग त्यांची सून आतून बाहेर आली आणि म्हणाली, “भाऊ, त्या चार ओळी आमच्याच होत्या. आम्हाला वाटलं, औंदा तुमचं नुकसान झालंय. दोन मणी जास्त ठेवले तर तुमचा माल वाढेल.”

मित्रांनो, मला काय बोलावं ते सुचेना. ती बाई सहा वर्षं विरळणी करत होती. शंभर मणी ठेवायचे हे तिला माहीत होतं, पण का ठेवायचे हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. मीही नाही. पॅक केलेली पेटी तिने कधी पाहिलेली नव्हती. तिने माझ्यावर दया केली होती आणि मी तिच्यासकट एकोणीस जणांना दंड केला होता. मी रजिस्टर घेऊन पाठीशी उभा होतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. घडाकडे कोण बघणार?

पुढच्या हंगामापासून मी काय बदललं, ते थोडक्यात सांगतो. विरळणीच्या पहिल्या दिवशी अर्धा दिवस काम नाही, पण मजुरी पूर्ण. गेल्या वर्षीच्या पेट्यांचे फोटो दाखवतो, मण्याचा व्यास मोजायची भोकांची पट्टी हातात देतो, चांगला आणि बिघडलेला घड कसा दिसतो ते सांगतो. मग प्रत्येक जोडीला ओळी नेमून देतो आणि तारेला त्यांच्या रंगाची रिबन बांधतो. पहिली दहा झाडं त्या जोडीबरोबर मी स्वतः पाहतो. चूक निघाली तर तीच जोडी ती दुरुस्त करते, आणि दुरुस्तीच्या वेळेचेही पैसे मिळतात. कारण शिकवणं माझं काम होतं, कमी पडलो तर खर्च माझा. संध्याकाळी हिशेब खोलीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहितो. उचल किती, काम किती, बाकी किती, सगळ्यांसमोर. काढणी सुरू झाली की टोळीला एकदा पॅकहाऊसमध्ये नेतो. आपल्या रिबनच्या ओळीतले घड पेटीत बसताना पाहिले, की दुसऱ्या वर्षी पट्टी दाखवावी लागत नाही.

याने सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. कोणी जास्त भाव दिला की काही जोड्या आजही जातात, आणि त्यांनी जावंच. गोड बोलून मजुरी कमी देणारा मालक मी पाहिला आहे, त्याला मी माणसं सांभाळणं म्हणत नाही. आधी दर बाजारापेक्षा कमी नको. राहायला पक्की खोली, पाणी आणि बायकांसाठी संडास हवा. हे झाल्यावरच बाकीच्या गोष्टी बोलायचा आपल्याला अधिकार.

आपल्या जिल्ह्यात हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. मोहाडीची सह्याद्री फार्म्स आपण सगळे जाणतो. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी ती शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून उभी केली. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःच भागधारक असलेली अशी कंपनी काढता येऊ लागली. मला त्यातून कळलेली गोष्ट साधी आहे. जो शेतकरी पूर्वी व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा व्हायचा, तो भागधारक झाला की औषधाच्या फवारणीची नोंद स्वतःहून नीट ठेवतो. कारण पेटी परत आली तर नुकसान त्याच्याच कंपनीचं आहे.

२००६ पासून निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था आहे. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरच्या क्रमांकावरून ती द्राक्षं कोणत्या बागेतली, हे शोधता येतं. याचा मला अभिमान आहे. पण तो शोध बागाईतदाराच्या नावापाशी येऊन थांबतो. त्या घडातले मणी कोणी मोजले, हे कोणत्याही संगणकात नाही. माझ्या वहीत मी तेवढा एक रकाना वाढवला आहे, जोडीच्या नावाचा. हंगामाच्या शेवटी निर्यातीच्या मालावर मिळालेल्या जादा भावातला काही हिस्सा त्या रकान्याप्रमाणे वाटतो. शेतकरी भागधारक झाला, टोळीचं काय, या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नाही. मला जमलं तेवढं आहे.

तुमच्यापैकी कोणी अंबडला कारखाना चालवतं, कोणी दवाखाना, कोणी बँकेची शाखा. माझी विनंती एवढीच आहे. उद्या कामावर गेल्यावर तुमच्या हाताखालच्या एका माणसाला विचारा, की तू हे काम असं का करतोस. त्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

आणि बाई, आपण समोर बसला आहात म्हणून सांगतो. मला मॉनिटरपदावरून काढलंत, ते बरोबर होतं. माझ्या भिंतीवर आजही फळा आहे. त्यावर नावं लिहितो, पण आता नावापुढे त्याने केलेलं काम असतं.