हिमाचे गणित



हिम हा पदार्थ मोठा फसवा आहे. मुठीत दाबले असता त्याचा गोळा होतो, आपटला की तो फुटतो आणि उतारावरून सुटले की तेच हिम पाण्यासारखे धावते. घनाचे नियम त्याला पुरत नाहीत, द्रवाचेही नाहीत. त्यामुळे ॲनिमेशन चित्रपटात खरे वाटेल असे हिम दाखविणे दीर्घकाळ अवघड होते.

‘फ्रोझन’ या २०१३ च्या चित्रपटासाठी डिस्ने स्टुडिओ व लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांतील संशोधकांनी अभियांत्रिकीतील ‘मटेरियल पॉइंट’ पद्धती हाती घेतली. हिमाचे असंख्य कण कल्पावयाचे. प्रत्येक कण आपले वस्तुमान, वेग आणि आपण किती दबलो वा ताणलो याची नोंद बाळगतो. बलांचा हिशेब मात्र चौकटींच्या जाळीवर होतो. नवा वेग कणांना परत मिळाला की जाळी पुन्हा कोरी केली जाते. पाटीवर आकडेमोड करावी, उत्तर वहीत उतरवावे आणि पाटी पुसावी, तसाच हा प्रकार. दाबाने हिम कठीण होते व मर्यादेपलीकडे ताणल्यास तुटते, हे नियमही त्यात घातलेले होते.

डोळ्यास पटलेले हिम शास्त्रास पटेलच असे नाही. तरीही स्वित्झर्लंडमधील हिमलोटांचे अभ्यासक योहान गोम यांना पडद्यावरील हे हिम पाहून कुतूहल वाटले. कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या साहाय्याने त्यांनी ही पद्धती खऱ्या हिमथरांच्या अभ्यासास लावली व २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढे त्यांनी एक जुना अपघात तपासला. १९५९ च्या फेब्रुवारीत उत्तर उरल पर्वतात ईगोर द्यातलोव्ह यांच्या तुकडीतील ९ जण मृत्युमुखी पडले. तंबू आतून फाडलेला होता. काहींच्या बरगड्या मोडल्या होत्या. उतार बेताचा, हिमलोटाची खूण नाही; साहजिकच नाना तर्ककुतर्कांना ऊत आला.

२०२१ मध्ये गोम व अलेक्झांडर पुझ्रिन यांनी वेगळे चित्र मांडले. तंबूसाठी उतार खणलेला आणि वाऱ्याने वरून हिम साचत गेलेले; अशा स्थितीत काही तासांनी हिमाचा लहानसा थर निसटू शकतो. झोपलेल्या माणसावर त्याचा आघात किती होईल, हे त्यांनी संगणकावर मोजले. इजा गंभीर, परंतु तत्काळ प्राणघातक नव्हे, असे उत्तर आले. जखमी तंबूपासून दूर आढळले होते, याच्याशी ते जुळते.

त्यानंतर त्या अंधारात काय घडले, हे या गणितात नाही. उभयतांनी तसा दावाही केलेला नाही.