राजीखुशीचा सौदा

(सोलापुरातील युवकांच्या शिबिरात केलेले भाषण)



बाजाराची बाजू घेणारे एक साधा युक्तिवाद करतात. माणूस दहा रुपये देऊन वस्तू घेतो, कारण ती त्याला दहा रुपयांहून मोलाची वाटते. जबरदस्ती नाही, म्हणजे त्याचा फायदा झालाच. बऱ्याच अंशी हे खरे आहे. बाजार समितीत कांदा घेणाऱ्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण?

पण 'वाटते' या शब्दापाशी जरा थांबा. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. वरचे कोरडे धान्य पाहून घेणारा गिऱ्हाईकही राजीच असता. म्हणूनच फिकहमध्ये 'खियार-उल-ऐब' आहे, लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला.

फसवणुकीचे उत्तर त्यामानाने सोपे. अवघड प्रश्न आपल्या घरातच आहे. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. माझी अम्मीही वळते. मांडीवर सूप, शेजारी कापलेली पाने, मजुरी हजार विड्यांमागे, आणि त्यात छाट निघाली की तेवढी मेहनत वाया. माझ्या कॉलेजची फी त्यातूनच गेली.

ती विडी घेणारा आपल्या मर्जीने घेतो. त्याला कोणी फसवतही नाही, बंडलावर धोक्याचे चित्र असते. तरीही पहिल्या विडीचा निर्णय आणि हजाराव्या विडीचा निर्णय एक नसतो. पहिली दोस्तांमध्ये मिजास म्हणून, बहुधा कोवळ्या वयात. पुढच्या निकोटीनची तलफ ओढायला लावते. रात्री सोडायची शपथ घेऊन सकाळी पुन्हा टपरीवर उभ्या राहणाऱ्याला विचारा, फायदा झाला का? २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला मनाई केली, ती याच कारणाने.

मग बंदी घालायची? महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर घातली. पुडी कुठे मिळते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि विडीवर बंदी आली, तर आधी अम्मीचे सूप रिकामे होईल. दुसरे काम हाताला मिळेपर्यंत मी बंदी मागणार नाही. पण गिऱ्हाइकाचे भलेच होते आहे, असेही माझ्याच्याने म्हणवत नाही.

अम्मीचे यावर मत विचारले, तर ती हसते. अब्बांनी घरात विडी पेटवली की मात्र त्यांना बाहेर अंगणात पाठवते.