आम्हांस कसले गुरुजी व्हावयाचे आहे
(पुणे, नारायण पेठ येथील सभेत केलेले भाषण)

शेतातले काम, भाता, माग बाजूस ठेवून आलेल्या आमच्या मायबापांनो व भावंडांनो,

आम्ही प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेचा अभ्यास करीत आहोत. अजून शाळा मिळालेली नाही. परीक्षा, यादी, नेमणूक हे सोपस्कार आटोपले म्हणजे मिळेल. परंतु शाळा मिळण्यापूर्वीच, तुम्ही शिकवणार काय व शिकवणार कसे, हे तुम्ही आम्हांस विचारावयास हवे. बैल घेताना आपण दात पाहतो, दोन दिवस औताला जुंपून पाहतो. आणि पोर ज्याच्या हाती पाच वर्षे द्यावयाचे त्याला मात्र काहीच विचारीत नाही! म्हणून न विचारता सांगावयास उभे राहिलो आहोत.

ही सभा नारायण पेठेत भरली आहे, याला अर्थ आहे. पुढे १९०५ साली टिळकांनी घेतलेला गायकवाडवाडा याच पेठेतला. त्यांच्या पक्षाच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्राने १८८१ सालीच असे मत मांडले होते की, कुणब्याच्या पोरांना वाचन, लेखन, इतिहास, भूगोल व गणित शिकवण्याने त्यांचे अहितच होईल. न्यायाची गोष्ट सांगावयाची तर याच पेठेत १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, ती काढणाऱ्यांत रानडे व भांडारकर होते. आणि जोतीरावांनी १८४८ साली बुधवार पेठेत मुलींची पहिली शाळा घातली ती भिड्यांच्या वाड्यात. तेव्हा आमचे भांडण आडनावाशी नाही. कुणाच्या पोराने किती शिकावे हे दुसऱ्याने ठरवावे, या रीतीशी आहे.

‘मराठा’ पत्राच्या त्या लेखानंतर दुसऱ्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. काय शिकवावे तेही सांगितले: मोडी व बाळबोध वाचणे-लिहिणे, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. मास्तर शिकून तयार झालेला असावा, शक्यतो शेतकरी वर्गातलाच असावा, त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरण्यात त्याला कमीपणा वाटू नये. आमच्या अभ्यासक्रमाची पुस्तके जाडजूड आहेत. परंतु मास्तर कसा असावा हे इतक्या थोडक्यात त्यांत कोठे सापडले नाही.

आता आमच्या फजितीची गोष्ट. सराव पाठासाठी एका शाळेत गेलो होतो. विषय काटकोन. पाठटाचण सुरेख लिहिले, रंगीत तक्ता केला, व्याख्या तीनदा म्हणवून घेतली. मुले हूं म्हणून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी घरचा गुण्या पिशवीत घालून नेला. आमच्या घरी सुतारकी आहे, पण हे हत्यार वर्गात काढावयास आम्हांस आदल्या दिवशी लाज वाटली होती, हे कबूल करतो. गुण्या दाराच्या चौकटीला लावला मात्र, एक पोरगी ओरडली, “गुरुजी, ह्यो तर वाकडा हाय!” चौकट खरोखरच वाकडी होती. मग सगळा वर्ग उठला आणि बाके, खिडक्या, फळा, सगळे तपासून आला. काटकोन कुणाला पुन्हा सांगावा लागला नाही.

आमच्या शिकवण्याची रीत ती हीच. गुंठा शिकवावयाचा तर चऱ्हाट घेऊन अंगणात जावे, तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा चौकोन आखावा, आणि मुलांना त्यात उभे करावे. हा एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. शेजारी दहा मीटरचा चौकोन आखला की आर दिसतो, आणि गुंठा व आर यांत फरक किती थोडा तेही दिसते. मग चौथीच्या पोराने बापाचा सातबारा वाचून दाखवावा: क्षेत्र किती, बोजा कुणाचा, नाव कुणाचे लागले. ज्या घरात तीन पिढ्या कागदावर अंगठा उठत आला, त्या घरात हा धडा कवितेहून आधी पोचला पाहिजे. (कविताही शिकवू, ती आम्हांस आवडते.)

बोलीविषयी दोन शब्द. आम्ही तिसरीत असताना “न्हाय” म्हणालो म्हणून वर्गात हशा झाला, आणि हसणाऱ्यांत मास्तर पहिले होते. शाळेचे नाव घेत नाही. त्यानंतर वर्षभर आम्ही तोंड उघडले नाही. आमच्या वर्गात पोर “पानी” म्हणेल तर आधी त्याचे म्हणणे ऐकू. पुस्तकातले रूप मागाहून शिकवू, ते शिकवणे आमचे कामच आहे. पण हसून नव्हे. छडीची तर गोष्टच नको. २००९ च्या कायद्याने मारणे बंद केले आहे, तरी “दोन लावा गुरुजी” म्हणणारे पालक आहेत. ते आमच्याकडून होणार नाही, आताच सांगून ठेवतो.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. शाळा सुरू होऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. आमच्या हातून एक तरी पोर असे निघावे, जे आपला प्रश्न आपल्या अक्षरात लिहील, एवढीच आमची हाव आहे.

परंतु त्यासाठी शाळा राहिली पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले, आणि दाखला दिला आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचा. मोठ्या शाळेत सोयी अधिक, हे खरे. पण डोंगरातल्या वाडीची सात वर्षांची मुलगी पावसाळ्यात गाडी चुकली तर काय करील? मुलगा कसाबसा जाईल. मुलगी धाकट्या भावाला सांभाळावयास घरीच राहील. आपण हे पाहिलेले आहे.

त्याच २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण वाटा पालकांचा आणि निम्मी जागा बायांची ठेवली आहे. कित्येक गावी सह्या घरपोच होतात आणि सभा वहीतच भरते. तेव्हा गावी गेल्यावर एक करा: त्या समितीच्या सभेची वही मागा, तुमचे नाव आहे काय, कशावर सही झाली आहे, ते पाहा. वाचता येत नसेल तर चौथीतल्या पोरीला बरोबर न्या.