उताराची शर्यत आणि तिचे राखणदार

चढ आला कीं सायकलवरून उतरून ती हातीं धरून चालावें, आणि उतार लागला कीं तिच्यावर बसून पाय न हलवितां खालीं यावें, हा आपल्याकडील सायकलस्वारांचा जुना परिपाठ आहे. उतार हें चढणीच्या श्रमांचें बक्षीस. तेथें शर्यत कसली लावावयाची, असें श्रोत्यांपैकीं पुष्कळांना वाटेल. परंतु गेल्या पन्नास वर्षांत अनेक देशांत एक खेळ असा वाढला आहे कीं, त्यांत सारा पराक्रम उतरण्यांतच आहे. डोंगराच्या खांद्यावरून, दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून आणि चिखलांतून स्वारानें सायकलसह खालीं यावयाचें; ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकला. इंग्रजींत या शर्यतीला ‘डाउनहिल’ असें सुटसुटीत नांव आहे.

दुरून पाहणाऱ्याला ही शर्यत निव्वळ धाडसाची वाटते. तिचें खरें स्वरूप थोडें निराळें आहे. येथें सारे स्वार एकदम सुटत नाहींत. ठराविक अंतरानें एकामागून एक सुटतात. प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसतो. स्वार झगडतो तो वाटेशीं आणि घड्याळाशीं. तेव्हां घड्याळावर आणि वाटेवर उभ्या असलेल्या माणसांवर विश्वास नसेल, तर शर्यत म्हणून कांहीं उरतच नाहीं. उरते ती केवळ घसरगुंडी. आणि लहानसहान शर्यतींत हीं वाटेवरचीं माणसें असतात तरी कोण? पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं, किंवा त्याच दिवशीं दुसऱ्या प्रहरीं, स्वतः शर्यतींत उतरणारे स्वारच.

ही रीत या खेळाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मॅरीन नांवाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील फेअरफॅक्स गांवाजवळ, वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठीं काढलेल्या एका कच्च्या रस्त्यावर, २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं तरुणांनीं पहिली शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत हा रस्ता १३०० फूट खालीं येतो. म्हणजे साडेपांच कुतुबमिनार एकावर एक ठेवावे आणि त्यांच्या माथ्यावरून सायकलनें निघावें, इतका तो उतार. सायकली तरी कशा? चाळीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या, जाड टायरांच्या, भंगारांतून उचललेल्या. त्यांना ते लोक ‘क्लंकर’ म्हणत. आपण खटारा म्हणूं. पायडल उलटें दाबलें कीं मागच्या चाकाच्या आंसांतला ब्रेक लागे, आणि एवढ्या उतारावर तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून धूर निघे. खालीं पोहोंचल्यावर आंस उघडून त्यांत नवें ग्रीस भरल्याखेरीज ती सायकल पुन्हां उतारावर नेण्याच्या कामाची नसे. या पुन्हां भरण्याच्या खटाटोपावरूनच त्या रस्त्याचें आणि शर्यतीचें नांव पडलें ‘रीपॅक’.

हे तरुण आधींही तो उतार उतरत होतेच. मग शर्यत कशासाठीं? वाद मिटेना म्हणून. प्रत्येकाला आपण सर्वांत वेगवान असें वाटे, आणि घोळक्यानें उतरतांना कोण कोणाला कोठें अडलें याचा निकाल लागत नसे. चार्ली केली नांवाचा तरुण यांत पुढें आला. तो एका संगीत-मंडळींत वाद्यांचें सामानसुमान वाहण्या-मांडण्याचें काम करी. वेळेवर सगळें जागच्या जागीं लावण्याची त्याला संवय होती. त्यानें प्रत्येकाला एकटें सोडावयाचें ठरविलें. मागचा स्वार दोन मिनिटांनीं सुटावयाचा. आरंभ डोंगरावर, शेवट पायथ्याशीं, मध्यें टेलिफोन नाहीं, मग वेळ मोजावयाचा कसा? त्यांच्यापाशीं एक गजराचें घड्याळ होतें आणि एक आरमारी क्रोनोमीटर. दोन्ही एकमेकांशीं जुळवून एक वर ठेवावयाचें, एक खालीं. सुटण्याची वेळ एका यादींत, पोहोंचण्याची दुसरींत. आणि शेवटीं वजाबाकी! साधन म्हटलें तर हास्यास्पद, पण त्यामागचा विचार पक्का होता. पुढें अधिक चांगलीं घड्याळें आलीं, तरी पद्धति तीच राहिली.

त्या पहिल्या दिवशीं अॅलन बाँड्स जिंकला. तो जिंकला याचें कारण असें सांगतात कीं, न पडतां खालीं आलेला तो एकटाच होता.

केली केवळ व्यवस्थापक नव्हता. तो स्वतःही त्याच उतारावर शर्यत करी. म्हणजे यादी करणारा, क्रम लावणारा, आणि मग स्वतःची पाळी आली कीं वही दुसऱ्याच्या हातीं देऊन सायकलवर बसणारा, असा तो मनुष्य. अशा माणसाविषयीं संशय येणें किती सोपें! तो आला नाहीं याचें श्रेय त्याच्या वहीला आहे. प्रत्येक शर्यतीचे वेळ त्यानें नोंदून ठेवले. त्या नोंदींमुळेंच गॅरी फिशरचा ४ मिनिटें २२ सेकंदांचा विक्रम आणि त्याच्या मागोमाग जो ब्रीझ याचीं ४ मिनिटें २४ सेकंदें हीं आज निश्चित सांगतां येतात. दोन सेकंदांचा हा फरक नोंदीवांचून चहाच्या दुकानांतला वाद होऊन राहिला असता. १९८४ पर्यंत तेथें एकूण २४ शर्यती झाल्या आणि त्यांपैकीं १० ब्रीझनें जिंकल्या. १९७७ सालीं त्यानें डोंगरासाठींच म्हणून मुद्दाम सायकल बांधली. जुन्या खटाऱ्याची ती दुरुस्ती नव्हती, सांगाडा मुळापासून नवा होता. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. कोणती सायकल कोठें मोडते आणि कोणती टिकते याची परीक्षा शर्यतीनें घेतली, आणि त्या परीक्षेंतून डोंगरी सायकल नांवाचा एक मोठा धंदा उभा राहिला.

१९९० सालीं कोलोरॅडोंतील डुरँगो येथें डोंगरी सायकलींची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. उताराच्या शर्यतींत पुरुषांत अमेरिकेचा ग्रेग हर्बोल्ड आणि स्त्रियांत कॅनडाची सिंडी डिव्हाइन हीं विजयी झालीं. तेथून पुढचा विस्तार वेगानें झाला. त्याची जंत्री येथें नको.

आजच्या मोठ्या शर्यतीचें रूप पाहावयाचें तर स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथें जावें. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस. त्याच्या शेजारच्या ऊनाख मोर पर्वतावर १९८९ पासून तारेवरून चालणारे पाळणे आहेत. त्या पाळण्यांनीं माणूस आणि सायकल वर जातात, आणि सुमारें पावणेदोन मैलांची वाट उतरून खालीं येतात. उतार १८०० फुटांचा. २००२ पासून येथें जागतिक चषकाच्या फेऱ्या झाल्या. २००७ आणि २०२३ सालीं जागतिक अजिंक्यपदही येथेंच झालें. २०२३ सालीं पुरुषांत इंग्लंडचा चार्ली हॅटन आणि स्त्रियांत ऑस्ट्रियाची व्हॅलेंटिना हॉल यांनीं तें मिळविलें. उत्तम स्वाराला ही वाट उतरण्यास साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. वर उघडा, खडकाळ माळ. मध्यें ओलसर झाडी. खालीं उंच उड्या आणि हजारों प्रेक्षक. वारा सुटला कीं पाळणे थांबतात, आणि पाळणे थांबले कीं सारा जमाव आभाळाकडे पाहत बसतो.

परंतु मोठ्या शर्यतींत पगारी माणसें असतात, यंत्रें असतात, छायाचित्रकार असतात. खेळाचें पोट भरतें तें शनिवार-रविवारच्या लहान शर्यतींवर. तेथें एखाद्या मंडळाचे पंधरा-वीस सभासद आठ-आठ दिवस आधीं संध्याकाळीं फावडीं-कुदळी घेऊन डोंगरावर जातात, वाहून गेलेलीं वळणें पुन्हां बांधतात, पाण्याला वाट काढून देतात, आणि दोन्ही कडांना खुंट्या ठोकून रंगीत फीत बांधतात. ही फीत शोभेची नव्हे. वाटेबाहेर गेलेल्या स्वारानें जेथून तो बाहेर गेला त्याच दोन खुणांच्या मधून परत आलें पाहिजे, असा नियम आहे. तेव्हां फीत जेथें तुटली तेथें नियमही तुटला.

शनिवारीं आधीं पायीं फिरून वाट पाहावयाची, मग सराव. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें प्रत्येक स्वारानें निदान दोनदां सरावाची फेरी पुरी केलीच पाहिजे. वाट न पाहतां कोणी रविवारीं तिच्यावर झेप घेऊं नये, हा त्यांतील हेतु. मदतीस आलेल्या स्वाराची ओढाताण येथेंच सुरू होते. इतर लोक पांच-सहा वेळां खालीं येऊन वाटेचा एकेक दगड पाठ करीत असतां, हा एका वळणावर निशाण हातीं घेऊन उभा. पाऊस पडतो, बोटें आंखडतात, डब्यांतली पोळी ओली होते. कोठें कोठें या श्रमांबद्दल पुढच्या शर्यतीचें प्रवेशशुल्क माफ करतात. तेवढ्यासाठीं कोणी दिवसभर भिजत राहील असें मात्र वाटत नाहीं.

या उभें राहण्यांत एक लाभही आहे. शंभर स्वार एकाच वळणावरून जातांना तो पाहतो. कोण बाहेरून येऊन आंत कापतो, कोण ब्रेक उशिरा दाबतो, कोणाचें पुढचें चाक त्याच ओल्या मुळावर तिसऱ्यांदा घसरतें, हें त्याच्याइतकें कोणीच पाहिलेलें नसतें. दुपारपर्यंत त्या एका वळणाचा तो पंडित होतो. दुर्दैवानें वाटेवर वळणें तीस-चाळीस असतात.

आतां निशाणाविषयीं. सरावाच्या वेळीं कोणी पडला तर पिवळें निशाण हलवून मागच्याला सावध करतात. तांबडें निशाण फडकलें कीं स्वारानें तत्काळ थांबावयाचें; शर्यतींतही. राखणदार एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यांत उभे करतात आणि स्वार येत असल्याची सूचना शिट्टीनें देतात. तासाला ३० मैलांचा वेग म्हणजे सेकंदाला ४४ फूट. वळणापलीकडे दोनशे फुटांवर कोणी पडलेला असेल, तर मागून येणारा पांच सेकंदांच्या आंत त्याच्यावर असतो. राखणदारानें पडलेल्याकडे पाहावें, तो उठतो आहे कीं नाहीं तें ओळखावें, निशाण उचलावें, हें सारें तेवढ्यांत.

विनाकारण तांबडें निशाण दाखविलें तर दुसऱ्या कोणाची वर्षांतली सर्वांत चांगली फेरी अर्ध्यावर मोडली. नियमानें त्याला पुन्हां सुटण्याची मुभा मागतां येते, हें खरें. पण वर जाईपर्यंत पाय गार झालेले असतात, आणि पहिल्या वेळीं जमलेलें अंग पुन्हां जमतेंच असें नाहीं. उलट निशाण उचलण्यास क्षणभर उशीर झाला, तर त्याची भरपाई कोणत्याही नियमांत नाहीं. ज्यानें स्वतः शर्यत केली आहे त्याला दोन्ही बाजूंचें दुःख ठाऊक असतें, म्हणून त्याचा हात कचरतो असें कोणी म्हणेल. अनुभव निराळा आहे: स्वतः आपटलेला माणूस निशाण लवकर उचलतो. शुश्रूषापथक एखाद्या जखमीला घेऊन खालीं गेलें, तर तें परत वर येईपर्यंत पुढचा स्वार सोडूं नये, हेंही अशा अनुभवी माणसालाच सांगावें लागत नाहीं; आरंभरेषेवर थंडींत खोळंबलेल्यांना मात्र पुनःपुन्हां सांगावें लागतें.

इतका काटेकोरपणा कशासाठीं, याचें उत्तर स्टीव्ह पीट या इंग्रज स्वाराच्या चरित्रांत आहे. जागतिक अजिंक्यपदांत तो २०००, २००१, २००२ आणि २००८ सालीं, म्हणजे चार वेळां, दुसरा आला. अखेर २००९ सालीं ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें तो जिंकला. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनार याच्यापेक्षां ०.०५ सेकंदानें. तासाला ३० मैलांच्या वेगांत पांच शतांश सेकंद म्हणजे दोन फुटांहून थोडें अधिक अंतर. सायकलची लांबीही याहून जास्त. नऊ वर्षांची प्रतीक्षा एवढ्या अंतरावर लटकत असतां घड्याळ लावणाऱ्याचा हात कापून चालत नाहीं. दोनच वर्षांनीं स्वित्झर्लंडमध्यें शांपेरी येथें मुसळधार पावसांत इंग्लंडचा डॅनी हार्ट साडेअकरा सेकंदांहून अधिक फरकानें जिंकला. तेथें गजराचें घड्याळही पुरलें असतें.

पीटचें गांव शेफील्ड. त्या पोलादनगरीच्या वेशीवर ग्रीनो नांवाची वनराई आहे. तेथें भरलेल्या ‘स्टील सिटी’ नांवाच्या उताराच्या शर्यतीशीं त्याचें नांव जोडलेलें आहे, आणि तिचा भार वाहिला तो स्थानिक स्वारांनींच.

रविवारीं, शर्यतीच्या दिवशीं, मदतनीस स्वार सकाळीं पुन्हां आपल्या वळणावर असतो. त्याच्या गटाची वेळ जवळ आली कीं दुसरा येऊन निशाण आणि शिट्टी ताब्यांत घेतो. मग तो सामानांतून तोंड झांकणारें शिरस्त्राण काढतो, गुडघ्यांना कवचें बांधतो, आणि गाडींत बसून वर जातो. आरंभरेषेवर यंत्राचे टोले पडतात. सुटल्यावर पहिल्या वळणावर ओळखीचा चेहरा, दुसऱ्यावरही; आदल्या दिवशीं ज्यांच्यासह तो भिजला तेच हे. स्वतःच्या वळणावर तो अगदीं अचूक जातो. त्याच्या पुढच्याच वळणावर, जें त्यानें पुरतें पाहिलेलें नसतें, तेथें त्याचे दोन सेकंद जातात.

खालीं फळ्यावर वेळ लागतो. त्रेचाळिसावा. सायकल भिंतीला टेकवून तो एक पोतें उचलतो, कारण वनखात्याला डोंगर अंधार पडण्यापूर्वीं मोकळा हवा असतो, आणि वरच्या टोंकापासून खुंट्या उपटावयाच्या अजून बाकी असतात.