रस्त्यावरील पाटी आणि लेण्यातील नावे



नाशिकजवळ मुंबई-आग्रा महामार्गाला लागून एक डोंगर आहे. डोंगराच्या कमरेला चोवीस लेण्यांची रांग आहे. रस्त्याने जाणारा माणूस पाटी वाचतो, 'पांडवलेणी'. रिक्षावालाही तेच म्हणतो, बसचा वाहकही तेच म्हणतो. आम्ही विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेलो तेव्हा पायऱ्या चढता चढता एका मुलाने विचारले, "सर, यातले भीमाचे लेणे कोणते?" त्या मुलावर आम्ही हसलो नाही. त्याने पाटी नीट वाचली होती, इतकेच.

पाटी लहान असते. पण शंभरातले नव्वद लोक डोंगर चढत नाहीत, त्यांच्यासाठी पाटी हाच इतिहास असतो. वर चढणाऱ्याला आणखी एक पाटी भेटते, पुरातत्त्व खात्याची. हे स्मारक १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित आहे, नासधूस केल्यास शिक्षा होईल, असे ती सांगते. ती हवीच. पण दगडावर नाव कोरू नका असे बजावताना, याच दगडावर आधी कोणाची नावे कोरली आहेत, हेही कोणीतरी सांगायला नको काय?

ती नावे दोन हजार वर्षे तेथे आहेत. ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा, म्हणून आपल्याला वाचता येत नव्हती. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी ती वाचली आणि १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये या लेण्यांची सविस्तर माहिती आली. म्हणजे पाटी लिहिणाऱ्याला माहिती नव्हती, असे म्हणायला जागा उरत नाही.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत चला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तेथे आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार काहापण कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी. विद्यार्थ्यांनी वहीत हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीसच! मुद्दलाला हात लावायचा नाही, अशी अटही आहे. आमच्या मंडळाच्या खजिनदारांना हा लेख आम्ही मुद्दाम दाखवला. ते म्हणाले, "आपल्या शिष्यवृत्ती निधीपेक्षा चोख आहे." (हे वाक्य त्यांच्या परवानगीने छापत आहोत.)

ते गोवर्धन गाव आजही नाशिकच्या शेजारी आहे. तिथल्या शाळेतल्या मुलाला, आपल्या गावचे विणकर दोन हजार वर्षांपूर्वी ठेवी सांभाळत होते, हे कोणी सांगितले आहे काय?

याच लेण्यात पुढच्या काळातील विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा लेख आहे. तिने कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे पैसे ठेवले, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. त्या लेखात डोंगराचे नाव स्पष्ट आहे, त्रिरश्मी. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तर राजाचे नावच नाही. धंभिक गावाने दिलेले दान, असे तेथे लिहिले आहे. सबंध गाव! कोणी किती वर्गणी दिली ते कोरलेले नाही.

उषवदाताचा लेख आणखी एक गोष्ट सांगतो. हे दान निगमसभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदले गेले. फलक हा आपला शब्द त्याच घराण्यातला. सभेत वाचल्याशिवाय फलकावर चढवायचे नाही, ही त्या काळची रीत होती.

म्हणून मंडळाने ठरवले की महामार्गालगत लावण्यासाठी एका फलकाचा मजकूर आपण तयार करावा आणि रीतसर परवानगीसाठी संबंधित खात्याकडे द्यावा. चाळीस शब्द लिहायला आम्हाला तीन रविवार लागले. 'पांडव' हा शब्द पुसूनच टाका, असे काही तरुणांचे म्हणणे पडले. आमचे मत वेगळे आहे. अचाट काम दिसले की ते पांडवांच्या नावावर लावायचे, ही लोकांची जुनी सवय आहे. शिवाय त्याच नावाने विचारत येणाऱ्या म्हातारीला वाट सापडली पाहिजे. ते नाव खाली लहान अक्षरात राहू द्यावे, वर मोठ्या अक्षरात त्रिरश्मी.

दुसरा वाद अधिक अवघड होता. त्याच उषवदाताने ब्राह्मणांना गाई आणि गावे दिली, तापी व डहाणूच्या नद्यांवर फुकट तर ठेवल्या, सोपारा व गोवर्धन येथे वाटसरूंसाठी निवारे बांधले, हेही लेखात आहे. अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आहेत. हे गाळावे काय? आम्ही म्हटले, गाळू नये. आपली नावे गाळली गेली म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा दुसऱ्याचे गाळण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. यावर मतदान झाले आणि आमची बाजू फक्त दोन मतांनी निघाली, हेही नोंदवले पाहिजे.

मसुदा सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. तो आता मोठ्याने वाचला जाईल. शेजारी पेन्सिल आहे. चूक दिसली तर शब्दाखाली रेघ मारावी आणि समासात आपले नाव लिहावे.